पोट सुटलेली अक्षरं

पांढरकवड्यात कोणाचा वाढदिवस कधी येतो हे त्याच्या बायकोच्या आधी मला माहीत असतं. कोण गेलं तेही. मी फ्लेक्स छापणाऱ्या दुकानात कॉम्प्युटरवर बसते. फोटो येतो, मजकूर येतो, खाली लावायच्या माणसांचे फोटो येतात, त्यात कोणाचा मोठा आणि कोणाचा लहान यावरून भांडणं येतात, आणि हे सगळं एका चौकटीत बसवून द्यायचं एवढं माझं काम. लग्नाच्या आधीपासून करते. कोणी शिकवलं असं नाही. मालकांना घाई असायची आणि मला राग यायचा, त्यातून येत गेलं.

राग मला अक्षरांचा यायचा. बोर्डासाठी जाड अक्षरं म्हणून जी मिळायची, ती म्हणजे साधंच अक्षर घेऊन त्याला चारही बाजूंनी सूज आणलेली. ‘ध’चं पोट बुजलेलं, ‘ठ’चं भोक टाचणीएवढं, ‘क्ष’ तर नुसता काळा डाग. इंग्रजीत बघावं तर गुबगुबीत, उड्या मारणारी, दात काढणारी, पाहिजे तेवढी अक्षरं. आमच्या लेकरांच्या वाढदिवसाला मात्र तीच सुजलेली मंडळी. मालक म्हणायचे, “गिऱ्हाइकाले चालते नं, मंग तुह्यं काय दुखते?” दुखत काही नव्हतं, पण रोज तेच बघून डोकं फिरायचं.

माझा नवरा शाळेची ऑटो चालवायचा आणि उन्हाळ्यात हायवेच्या कडेला रसवंती लावायचा. लोकांसमोर मी त्याला ‘हे’ म्हणायची, घरात ‘तुमी’. लिहिताना मात्र तो ‘तो’ होतो, आणि ते मला बरं वाटतं, म्हणून तसंच राहू देते. त्याला पोट होतं. पोट सगळ्यांनाच असतं, पण त्याचं दारातून आधी यायचं आणि मागून तो. ऑटोत पुढे बसला की हँडल आणि पोट यांच्यात जागा राहायची नाही. पोरं मागून हात घालून त्याच्या पोटावर तबला वाजवायची आणि तो रागावल्यासारखं करायचा.

लग्नानंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या उन्हाळ्यात त्याने रसवंतीला नवा बोर्ड काढायचं मनावर घेतलं.

“बोर्ड असा पाह्यजे,” तो म्हणाला, “का लेकरानं ऑटोतून पाह्यला तं त्याले तिथंच तहान लागली पाह्यजे.”

“लेकराइले वाचता कुठी येते? तुमच्या ऑटोत अर्धे बालवाडीचे,” मी म्हणाले.

“म्हणूनच तं सांगून राह्यलो. न वाचता समजलं पाह्यजे.”

आता याला काय म्हणावं? पण हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं. न वाचता समजेल असं अक्षर. एका दुपारी रसवंतीवर गिऱ्हाईक नव्हतं. तो चरकात ऊस घालत होता, चाकाला बांधलेले घुंगरू वाजत होते, आणि मी स्टुलावर बसून त्याच्याकडे बाजूने बघत होते. बनियन वर सरकलेलं, पोट पुढे, डोक्यावर दुपट्टा तिरपा. मी कॅलेंडरचं जुनं पान उलटं केलं आणि मार्करने ‘व’ काढला. ‘व’ म्हणजे तरी काय, एक काना आणि त्याला आलेलं पोटच. तो पोटाचा गोल मी वरून न सोडता खालून सोडला, म्हणजे तो लोंबला. वरची रेघ सरळ न देता तिरपी ठेवली, दुपट्ट्यासारखी. मग ‘र’, मग ‘स’. ‘ती’ची वेलांटी हात वर करून पोरांना बोलावल्यासारखी. अक्षरं एका ओळीत उभी केलीच नाहीत; एक वर, एक खाली, घुंगरू हलतात तशी. तो चरक बंद करून आला, त्याने पानाकडे बघितलं आणि मग स्वतःच्या पोटाकडे बघितलं.

“हे माह्यंच हाये का वं?”

“मंग कोणाचं?”

तो इतका हसला की रस्त्यापलीकडच्या पंक्चरवाल्याने मान वर केली.

रसवंतीच्या बोर्डाला चारच अक्षरं लागत होती, पण मला थांबता येईना. पुढचं वर्ष-दीड वर्ष मी दुकानातलं काम संपलं की उरलेली अक्षरं काढत राहिले. कागदावर काढायची, फोटो घ्यायचा, कॉम्प्युटरवर त्याच्या कडा ओढून घ्यायच्या, मग जोडाक्षरं, मग काने-मात्रे. जाड अक्षराचं एक असतं. बाहेरून कितीही फुगवा, आत हवा राहिली पाहिजे. आतली जागा बुजली की ते दुरून अक्षर दिसत नाही, गोळा दिसतो. माझा पहिला ‘ध’ तसाच झाला होता. मी छापून घरी नेला. तो जेवत होता. त्याने बघितलं आणि म्हणाला, “याले दम लागून राह्यला. थोडी जागा दे बिचाऱ्याले.” मी जागा दिली. त्यानंतर प्रत्येक अक्षर त्याला दाखवायची रीतच पडली, आणि तो प्रत्येक अक्षराला माणसासारखं बोलायचा. ‘ह’ला म्हणाला, याची कंबर धरली. ‘ळ’ला म्हणाला, ही आमच्या मावशीवर गेली.

फॉन्टला नाव द्यावं लागतं. मी ‘ढेरी’ दिलं. आमच्याकडे पोट सुटलं की ढेरीच म्हणतात. तो गावभर सांगत सुटला की बायकोने माझ्या पोटावर अख्खी बाराखडी काढली.

आमच्या धंद्यात फॉन्ट कोणी मागून घेत नाही, तो सर्दीसारखा लागतो. एका दुकानातून पेन ड्राईव्ह दुसऱ्या दुकानात गेला की तोही गेला. बघता बघता ढेरी वणीकडे गेली, कळंबला गेली. चिंतामणीच्या जत्रेत खेळण्यांच्या दुकानावर दिसली. झरी जामणीकडे एका आश्रमशाळेच्या स्नेहसंमेलनाच्या कमानीवर दिसली, चिकन सेंटरवर दिसली, कबड्डीच्या सामन्यांवर दिसली. आमच्या जयंतीच्या मिरवणुकीतल्या पोरांच्या मंडळानेही ती निळ्या रंगात लावली, तेव्हा मोठे दीर थोडे कुरकुरले होते. ते विहाराच्या कमिटीवर आहेत आणि त्यांना सगळं नीट लागतं. नवऱ्याला मात्र कुठेही अक्षर दिसलं की तो ऑटो हळू करायचा आणि मागच्या पोरांना सांगायचा, “थे पाहा रे, माह्यं पोट.” पोरं ओरडायची, “काकाचं पोट! काकाचं पोट!” वाचता न येणारी ती पोरं त्या अक्षरांना तेवढ्याच नावाने ओळखायची.

गेल्या पावसाळ्यात त्याचा वाढदिवस आला. ऑटोवाल्या मित्रांनी चौकात फ्लेक्स लावला. मीच केला, ढेरीतच केला. मध्ये त्याचा गॉगल घातलेला फोटो, वर ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’, खाली शुभेच्छुक म्हणून सगळ्या मित्रांचे आणि मोठ्या दिरांचे चेहरे. सगळे हसणारे, कारण फोटो मागवताना मी हसरेच मागवते. दिरांनी ‘माह्या फोटो कायले?’ म्हणत शेवटी चांगला गॉगलवालाच पाठवला होता.

सोयाबीन सोंगायच्या, म्हणजे कापणीच्या दिवसांत तो गेला. सकाळी पोरांना शाळेच्या गेटवर सोडलं, शेवटचं पोरगं आत गेलं, त्याने ऑटो बाजूला लावली आणि हँडलवर डोकं टेकवलं. वॉचमनला वाटलं, झोपला.

यापुढचं मला जसं आठवतं तसंच लिहिते, आणि मला ते नीट आठवतं, हेच विचित्र आहे. मला काही वाटलं नाही. धक्का बसला, दुःख झालं, असं म्हणायची पद्धत आहे, पण खरं सांगायचं तर दाढ काढायला इंजेक्शन देतात तेव्हा गाल जसा होतो तशी मी आतून झाले होते. हात लावला की कळायचं काहीतरी आहे, पण ते माझं नव्हतं. बाया येऊन गळ्यात पडायच्या. मी त्यांच्या पदराचा काठ बघत बसायची. सासू एकदा म्हणाली, “पोरी, काई तरी बोल वं,” आणि मी तिला गॅस संपत आलाय म्हणून सांगितलं.

तिसऱ्या दिवशी चौकातून जाताना मी तो फ्लेक्स बघितला.

आमच्या धंद्यात कोरी फाईल कोणी उघडत नाही. आधीच्या कामाची फाईल उघडायची, फोटो बदलायचा, मजकूर बदलायचा, दुसऱ्या नावाने साठवायची. मी घरी होते, दुकानात दुसरा ऑपरेटर होता, तो माझ्या नवऱ्याला ओळखणारा, रडतच काम करत होता म्हणे. मित्रांनी सांगितलं, फ्लेक्स पाहिजे. त्याने माणसाच्या नावाने फाईल शोधली, वाढदिवसाची सापडली. फोटो बदलायची गरजच नव्हती. वरची ओळ बदलली, ‘शुभेच्छुक’चं ‘शोकाकुल’ केलं, फुगे काढले, हार टाकला. अक्षर बदलायचं राहिलं.

चौकात, त्या खांबावर, माझ्या अक्षरांत लिहिलं होतं ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. ‘भा’ वर, ‘व’ खाली. ‘व’चं पोट लोंबलेलं. डोक्यावरच्या रेघा तिरप्या. मध्ये तो गॉगल घालून हसतोय आणि खाली सगळे शोकाकुल दात काढून हसताहेत, त्यात मोठे दीरही.

मला पहिल्यांदा काय दिसलं ते सांगते. ‘श्र’ आणि ‘द्धां’ यांच्यातलं अंतर चुकलं होतं. ‘द्ध’ फार दाटीत बसला होता. हा शब्द मी कधी तपासलाच नव्हता. धमाका, गंमतजंमत, थंडगार, असले शब्द टाकून बघितले होते. मी चौकात उभी राहून मनातल्या मनात तो ‘द्ध’ थोडा सैल केला आणि घरी आले.

माणूस गेल्यावर आमच्यात करतात त्या जलदान विधीच्या दिवशी मंडपात वंदना चालू असताना मागे पोट्टे मोबाईलमध्ये बघून तोंड दाबत होते. कोणीतरी फ्लेक्सचा फोटो काढून गावातल्या ग्रुपवर टाकला होता. खाली लिहिलं होतं, ‘मेला तरी नाचून राह्यला’. तो मोबाईल फिरत फिरत मोठ्या दिरांच्या हातात आला. ते वाईट माणूस नाहीत. भावाच्या मागे त्यांनीच सगळं उचललं होतं. पण त्या दिवशी त्यांचा चेहरा बघवत नव्हता. स्वतःच्या भावाच्या मरणावर आपलाच चेहरा गॉगल घालून हसताना गावाने बघावा, आणि आपण कमिटीवर! मंडपातली माणसं गेल्यावर ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

“या अक्षरात माणूस गेल्यासारखा वाटते का? सांग.”

“नाही वाटत,” मी म्हणाले. खरंच होतं ते.

“मंग आता आपल्या घरचं कोणतंच काम या अक्षरात नाई. रसवंतीचा बोर्डही नाई. उन्हाळ्यात तू दुकान लावशीन तं साधा, सभ्य बोर्ड लाव. लोकं आधीच हसून राह्यले.”

आमच्यात बांगड्या फोडत नाहीत, कुंकू पुसायचा प्रश्न नाही. पण नवरा गेलेल्या बाईने कशा दुकानावर बसावं, त्यावर कसली अक्षरं असावीत, हे लोकांचं ठरलेलं असतं. दीर तेवढंच बोलत होते. मला त्या क्षणी एवढं स्वच्छ कळत होतं की त्याचे कपडे वाटले जातील, ऑटो दुसरा चालवेल, आणि तो जसा होता तसा फक्त त्या अक्षरांत उरलाय. ती घरातून गेली की तो पुरता जाईल. हे कळत होतं. तरी मी मान हलवली. दिरांना वाटलं, पटलं.

रसवंतीचा जुना बोर्ड त्यांनी शेतावर नेला. जुन्या फ्लेक्सचं आमच्याकडे तेच होतं, सोयाबीनच्या गंजीवर पालथा टाकतात. पुढारी असो की देवी, गंजीवर सगळे पालथे. परतीच्या पावसात वारा सुटला आणि तो बोर्ड मधून फाटला. श्रद्धांजलीच्या फ्लेक्सचं मात्र कोणाला काही सुचेना. चेहरा असलेला, तोही आपल्याच माणसाचा. गंजीवर टाकवत नाही, फेकवत नाही, घरात लाववत नाही. शेवटी सासूने तो चौकातून उतरवून आणायला लावला, गुंडाळला, जुन्या लुगड्यात बांधला आणि पलंगामागे उभा केला. दीर म्हणाले, “माय, त्याचं काय करतं?” ती म्हणाली, “उभा हाये तं राहू दे. तुले काई मांगते का थो?”

मी कामावर गेले. त्या ऑपरेटरने माझ्याकडे न बघता विचारलं, “ताई, ढेरी काढून टाकू का सिस्टीममधून?” मी म्हणाले, कशाला, उद्या दोन वाढदिवस आहेत. आणि मी ते दोन्ही वाढदिवस ढेरीत केले. त्यानंतरचेही. पहिला वाढदिवस, दुसरा वाढदिवस, बारशी, ‘आमच्याकडे गावरान अंडी मिळतील’. त्याचं पोट दिवसभर स्क्रीनवर ओढत, ताणत, रंगवत होते आणि डबा खायची वेळ झाली की डबा खात होते.

हिवाळा सरता सरता मी रसवंतीसाठी सभ्य अक्षर काढायला बसले. नवं काढायचं नव्हतं. ढेरीचीच अक्षरं घेतली आणि सरळ करत गेले. तिरपी रेघ आडवी केली. वरखाली उड्या मारणारी अक्षरं एका ओळीत आणली. मग पोटं. ‘व’चा गोल पकडून आत ओढला. इतकं सोपं काम मी आयुष्यात केलं नव्हतं. काढताना दीड वर्ष लागलं होतं. सरळ करायला दुपार पुरली. हाताला काही वाटलं नाही. वाटायला पाहिजे होतं, हे मला माहीत होतं, आणि मी थोडी थांबून वाट पाहिली. मग प्रिंट दिली.

दीर बोर्ड बघून म्हणाले, “हे चांगलं झालं. आता कसं शांत वाटते.” शांत म्हणजे काय, दवाखान्याच्या पाटीसारखं वाटत होतं.

मार्च लागला आणि रसवंती सुरू झाली. सकाळची शिफ्ट मी दुकानात करायची, दुपारपासून रसवंतीवर. सासू मी आल्यापासून जाईपर्यंत खुर्ची टाकून बसलेली. ऊस नेहमीप्रमाणे उमरखेडकडून आला, चरक तोच, घुंगरू तेच. ट्रकवाले थांबायचे, मोटरसायकलवाले थांबायचे. पण पोरं येईनात. ऑटो आता नवऱ्याचाच एक मित्र चालवायचा आणि पोरंही तीच होती. सकाळच्या शाळेचे दिवस, घरी जायची वेळ उन्हाची, आणि दरवर्षी ऑटो आमच्यापुढे थांबल्याशिवाय पुढे जायची नाही. यंदा ती आमच्यापुढून निघून जायची. मला वाटलं, माणूस गेलेल्या घरी पोरांना कशाला उतरवायचं म्हणून मित्र टाळत असेल. मी मनाला लावून घेतलं नाही. तेव्हा मी काहीच मनाला लावून घेत नव्हते.

सासूने लावून घेतलं. ती एक दिवस ऑटोच्या मागे चालत गेली. या वयात, भर उन्हात, डोक्यावर पदर घेऊन. बसस्टँडच्या बाजूला दुसरी रसवंती आहे. ऑटो तिथे थांबलेली आणि सगळी पोरं उतरून बाकावर बसलेली. परत आली तेव्हा लाल झाली होती.

“तिथं काहून थांबवतं म्हणून त्याले इचारलं. थो म्हणे, मी तं रोज तुमच्याइथंच थांबवतो म्हणून राह्यलो, लेकरंच आयकत नाई. म्हणते, काकाचं दुकान हे नाई, थे हाये.”

“असं काहून म्हणतीन?”

“जाय, पाहून ये.”

मी गेले नाही, जायची गरज नव्हती. तो बोर्ड मला माहीत होता. त्या रसवंतीचा मालक यवतमाळहून बोर्ड छापून आणायचा आणि यंदा त्याच्या बोर्डावर ढेरी होती. पोरांना वाचता येत नव्हतं. त्यांना पोट ओळखता येत होतं. ते पोट जिथे दिसलं तिथे ती उतरली. आमच्या डोक्यावर लिहिलेलं सरळ, शांत ‘रसवंती’ त्यांना कोणा परक्याचं दुकान वाटत होतं.

मी बर्फ फोडत होते, तो फोडत राहिले.

सासू घरी गेली. आली ती लुगड्यात बांधलेलं ते भेंडोळं काखेत घेऊन. पंक्चरवाल्याला हाक मारली, “बाबू, थो बांबू धर.” मी बघते तर तिने फ्लेक्स उलगडला होता.

“आई, थो श्रद्धांजलीचा हाये!”

“माहीत हाये मले. अक्षर समजते मले.”

“रसवंतीवर श्रद्धांजली लावता का?”

“त्याचंच दुकान हाये नं? मंग त्याचाच बोर्ड लागन. लेकरं वाचत नाई, पाहून येते. तुह्या सरळ बोर्डानं काय झालं, सांग. थो तिकडं बसून राह्यला, दुसऱ्याच्या दुकानावर.”

पंक्चरवाल्याने सुतळी आवळली. सभ्य बोर्ड झाकून माणसाच्या छातीपर्यंत लोंबत, आमच्या रसवंतीवर, दुरून दिसेल असं लागलं, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. मध्ये तो, गॉगल घातलेला. खाली सगळे शोकाकुल हसताहेत.

पहिला ट्रक थांबला तो हैदराबादकडचा. ड्रायव्हर उतरला, वर बघून खूश झाला आणि सासूला म्हणाला, “बोर्ड मस्त है अम्मा.” सासू म्हणाली, “मेरा लडका है.” त्याने दोन ग्लास घेतले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑटो आली. आधी आवाज आला. “काकाचं पोट! काकाचं पोट!” ऑटो पुरती थांबायच्या आत पोरं उतरली, बाकावर चढली, बर्फ जास्त पाहिजे म्हणून ओरडू लागली. एक बालवाडीतली पोरगी फ्लेक्सच्या खाली जाऊन उभी राहिली, टाचा उंच केल्या, आणि हात पुरेल तेवढ्यात जे अक्षर होतं त्याच्या पोटावर दोन्ही हातांनी तबला वाजवला. फ्लेक्स धाडधाड वाजला. तिला पाहून बाकीचेही वाजवायला लागले.

तेवढ्यात मोठे दीर स्कूटीवर आले. कोणीतरी फोन केला असणार. ते उतरले, वर बघितलं, आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. खालच्या रांगेतल्या स्वतःच्या हसऱ्या चेहऱ्यावर एका पोराचा हात पडत होता. मला वाटलं, आता हा माणूस फाडणार. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला कशाची तरी भीती वाटली. बर्फाचा गोळा हातात होता, तो किती गार आहे तेही तेव्हाच कळलं. मी तो टाकला आणि म्हणाले, “भाऊजी, हात लावू नका.”

आवाज मोठा निघाला असावा, कारण पोरं गप्प झाली. दीर फ्लेक्सजवळ गेले. मग म्हणाले, “कोपरा सुटून राह्यला. वाऱ्यानं फाटन.” आणि त्यांनी खालचा कोपरा ओढून खांबाला गाठ मारली. गाठ मारताना त्यांचे डोळे भरले होते, आणि माझे भरलेले मला गालावर आल्यावर कळले. सासू म्हणाली, “आता रडत बसू नका, लेकराइले रस द्या.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात मालकांच्या आधी जाऊन बसले. श्रद्धांजली किती दिवस लावून ठेवणार, रसवंतीला रसवंतीचाच बोर्ड पाहिजे होता. जुनी फाईल उघडली नाही, कोरी घेतली. ‘र’ काढला, ‘स’ काढला, डोक्यावरच्या रेघा तिरप्या केल्या. ‘व’चं पोट मात्र आधीपेक्षा थोडं वाढवलं. एवढ्या दिवसांत तो आणखी सुटलाच असता.